सूचना : बारावीनंतर कॉलेज निवडताना

सभासद पालकांनो, मैत्रिणी पणजीला जातात म्हणून मुलीचा अर्ज पणजीलाच भरू नका. सत्तरी तालुक्यातल्या मुलांना साखळी शहरातले सरकारी महाविद्यालय जवळ आहे, तेही पाहून या. हवा तो मुख्य विषय तिथे आहे का, त्याला कायमस्वरूपी प्राध्यापक किती, प्रयोगशाळा चालू आहे का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा; माहितीपुस्तिकेत ते कळत नाही. नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) श्रेणी कधीची, तेही बघा, ती कायमची नसते. मडगावचे चौगुले महाविद्यालय स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी गोवा विद्यापीठाची. संध्याकाळची शेवटची कदंब बस किती वाजता, हेही आधीच विचारून ठेवा. रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत आत्ताच अर्ज करा.