बाटलीचे बूच

चि. रेवती हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू वाचून दाखवलेला तो उतारा माझ्या मनातून अजून जात नाही. समुद्रात टाकलेल्या बाटलीच्या भूमिकेत शिरून तुझ्या विद्यार्थिनीने लिहिले होते, की मला कोणी उघडू नये, आतला कागद वाचण्यासारखा नाही. वाचताना तुझा आवाज कापरा झाला आणि मी ‘रात्री झोपलीस का’ असे विचारताच तू फोन ठेवलास. आज झोपेविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

तुझ्या वर्गाची कल्पना मला मनापासून आवडते. शाळेतल्या आत्मवृत्तांतली छत्री काय नि खुर्ची काय, शेवटी उपदेशच करते. तू मात्र वस्तूला काय कळू शकेल, हे मुलांना आधी शोधायला लावतेस. समुद्रात सूर्यप्रकाश 1000 मीटरच्या खाली पोहोचतच नाही, त्यामुळे तिथे पडलेल्या जहाजाच्या नांगराला ‘मी पाहिले’ असे म्हणता येणार नाही. त्याच्या वाट्याला थंडी, दर 10 मीटरला एका वातावरणाइतका वाढत गेलेला दाब आणि हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येणारे आवाज एवढेच उरते. 1992 साली उत्तर पॅसिफिकमध्ये जहाजावरून पडलेल्या 28,800 प्लास्टिकच्या बदकांसारख्या खेळण्यांचे उदाहरण तू घेतलेस, तेही योग्यच. ती कुठे सापडली याच्या नोंदींवरून सागरशास्त्रज्ञ कर्टिस एबेस्मायर यांनी सागरी प्रवाहांचा अभ्यास केला, पण त्यांतल्या एकाही बदकाला ‘मी निघालो’ असे म्हणता येत नाही. त्याला वारा आणि पाणी नेतील तिकडे जावे लागते.

आणि माझी काळजी नेमकी इथेच आहे. निवेदकाचे डोळे काढून घेतले, त्याची इच्छाही काढून घेतली, की लिहिणाऱ्या मुलाजवळ स्वतःच्या मनाशिवाय दुसरे काय राहते? ते मन वहीत उतरणारच. तीस वह्यांतली तीस दुःखे तू घरी आणतेस, आणि मग झोप कुठून येणार? पाहा, लिहिलेच शेवटी.

त्या मुलीला ‘तुला काय झाले’ असे विचारू नकोस. बाटलीविषयी विचार: बूच कोणी लावले, आत पाणी झिरपते का, किनारा जवळ आल्यावर तिला काय वाटते. आणि तिच्या उत्तरातून खरोखरीचे काही दिसले, तर ते एकटीने उरावर घेऊ नकोस, त्याच दिवशी शाळेच्या समुपदेशकांना सांग. तू हा विषय रोज शिकवतेस आणि मी तुलाच शिकवायला बसले, याचा राग मानू नकोस.

तू लहान असताना सगळी मुले शंख कानाला लावून समुद्र ऐकत, आणि तू मात्र शंखाला तोंड लावून ‘तुला माझे ऐकू येते का’ असे विचारायचीस. दादा चिडवायचा, तरी उत्तर येईपर्यंत तू थांबायचीस, जेवण निवून जायचे. वस्तूचे म्हणणे ऐकण्याचा हा धीर तुला कोणी शिकवला नव्हता, तो तुझा स्वतःचाच आहे, आणि तो आता तीस मुलांना मिळतो आहे याचा मला फार अभिमान वाटतो. भीतीही तितकीच वाटते, कारण तू अजून तशीच थांबून राहतेस.

समुपदेशकांशी बोलणे झाले का, ते रविवारच्या आत कळव. त्या मुलीने बुचाविषयी काय लिहिले तेही कळव, पण वह्या रात्री दहानंतर उघडू नकोस.

तुझी
आई