सहा महिन्यांच्या बाळाचे ‘दचकणे’

महोदय,

राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या (१७ नोव्हेंबर) निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. आकडी आली की रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोटे घालू नयेत, कांदा-चप्पल हुंगवू नये, हे त्यात चांगले समजावून सांगितले आहे. मात्र लेखातले सगळे वर्णन आणि सोबतचे चित्र मोठ्या माणसाच्या, जमिनीवर पडून हातपाय झाडणाऱ्या आकडीचे होते. तान्ह्या बाळांना येणारी एक आकडी अशी असते की ती आकडी आहे हे घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि बाळाच्या वाढीला मात्र ती फार मारक ठरते. माझ्या नातीची ती आकडी ओळखली जायला ११ आठवडे गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. नात सहा महिन्यांची होत आली असताना दुपारची झोप संपली की पाळण्यात एकदम दचकल्यासारखे करू लागली. मान पुढे झुकायची, कोणी उचलून घ्यावे म्हणून पसरावेत तसे दोन्ही हात उघडायचे, गुडघे पोटाशी यायचे. एक-दोन सेकंद अंग ताठ राहायचे आणि सैल पडायचे. मग ती कळवळून रडायची आणि पाच-दहा सेकंदांनी पुन्हा तेच. असे ओळीने वीस-पंचवीस वेळा झाले की सगळे शांत व्हायचे. तीन मुले वाढवलेली मी. पोटात मुरडा येतो आहे असे मीच ठरवले आणि बाळगुटीत मुरडशेंगेचे दोन वेढे जास्त उगाळले. शेजारणीने दृष्ट काढली. गावातल्या डॉक्टरांनी पोटदुखीचे थेंब दिले. चार आठवड्यांनी शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी फेनोबार्बिटोन हे आकडीवरचे नेहमीचे औषध सुरू केले, ते सात आठवडे चालले आणि झटके वाढतच गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरात ज्या चौकोनांत आम्ही दुधाचे खाडे मांडतो, त्याच चौकोनांत मुलगी झटक्यांच्या रेघा मांडू लागली होती. शेवटी शेवटी रेघांना जागा पुरेना. त्याहून जास्त घाबरवणारी गोष्ट अशी की आवाज ओळखून हसणारी ही मुलगी हसेनाशी झाली, आणि जेमतेम धरू लागलेली मान तिने पुन्हा टाकली.

पुण्याच्या बालमेंदूविकारतज्ज्ञांनी जावयांच्या मोबाइलवरचे ४० सेकंदांचे चित्रण दोनदा पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी झोपेतला ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून घेतलेली मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, करायला सांगितले. बाळाला रात्री शक्य तितके जागे ठेवायचे होते आणि केसांना तेल लावायचे नव्हते. जन्मापासून मी एक दिवसही तिची टाळू तेलाने भरल्यावाचून ठेवली नव्हती. त्या पहाटे शाम्पूने डोके दोनदा धुतले, तेव्हा कुठे तारा चिकटल्या.

या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. अलीकडच्या वर्गीकरणात त्याचे नाव बदलून ‘इन्फंटाइल एपिलेप्टिक स्पॅझम्स सिंड्रोम’ असे झाले आहे. दर १०,००० जन्मांमागे साधारण २ ते ५ बाळांना तो होतो आणि बहुतेकांना पहिल्या वर्षातच, विशेषतः चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या सुमारास सुरू होतो. ईईजीत कसलाच ताल नसलेल्या उंच लाटा मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतून कशाही उठताना दिसतात. झटके थांबलेले असतात तेव्हाही, म्हणजे बाळ आपल्याला स्वस्थ दिसत असते तेव्हाही, ही खळबळ चालूच असते. म्हणून वाढ थांबते आणि आलेले कसबही जाते. डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितले ते प्रत्येक पालकाला कळायला हवे असे मला वाटते. मेंदूला मुळात झालेली इजा ही एक गोष्ट आणि त्यावर ही विजेची खळबळ करते ते नुकसान ही दुसरी. पहिलीवर आज इलाज नाही. दुसरी थांबवता येऊ शकते, आणि ती थांबायला जितका उशीर लागेल तितकी मुलाची पुढची वाढ मागे राहते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे.

या आजाराचे पहिले वर्णनही एका पत्रातूनच जगासमोर आले. इंग्लंडमधील केंट परगण्यातले डॉक्टर विल्यम वेस्ट यांनी १८४१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना आपल्या स्वतःच्या तान्ह्या मुलाविषयी लिहिले. बाळ मान पुढे झुकवते, तो झटका लगेच सैल पडतो आणि पुन्हा येतो, असे ओळीने अनेकदा होते. जळवा लावून, रेच देऊन, डोक्यावर गार उपचार करून पाहिले, काहीच उपयोग झाला नाही. कोणाला काही ठाऊक असल्यास कळवावे, अशी त्यांची विनंती होती. लंडनमधल्या एका डॉक्टरांनी अशी मुले पाहिली होती आणि त्या झुकण्यावरून त्यांनी त्याला ‘सलाम’ आकडी म्हटले होते. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बापाने केलेले ते वर्णन आमच्या पाळण्यातल्या प्रत्येक हालचालीशी जुळत होते. त्यांच्याजवळ औषध नव्हते. एसीटीएच या संप्रेरकाचा उपयोग होतो हे कळायला १९५८ साल उजाडले. आमच्याजवळ औषध असूनही आम्ही ११ आठवडे घालवले.

आणि ते औषध काही परदेशातून मागवावे लागले नाही. एसीटीएचची इंजेक्शने महाग असतात, शीतपेटीत ठेवावी लागतात आणि सहज मिळत नाहीत. पण आपल्याकडे अनेक ठिकाणी त्याऐवजी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या मोठ्या मात्रेत देतात. तिला त्याच दिल्या. या गोळ्या तालुक्याच्या दुकानात सहज मिळतात. आईच्या दुधात विरघळवून बोंडल्याने पाजायच्या, रक्तदाब वरचेवर मोजायचा, सर्दी-तापाच्या माणसाला जवळ येऊ द्यायचे नाही. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुढे ढकलावी लागली. तिसऱ्या आठवड्यात गाल भरले, तेव्हा भेटायला येणारे ‘बाळसे धरले हो’ म्हणायचे. ती औषधाची सूज होती. हे औषध कोणीही स्वतःच्या मनाने देऊ नये किंवा एकाएकी बंद करू नये. व्हिगाबॅट्रिन हे दुसरे प्रभावी औषध आहे, ट्युबरस स्क्लेरोसिस (मेंदूत व इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलांत तर तेच आधी देतात, मात्र त्याने कडेचे दिसणे कमी होऊ शकते, म्हणून डोळ्यांची तपासणी चालू ठेवावी लागते. झटके पूर्ण थांबले पाहिजेत आणि ईईजीतली खळबळही निवळली पाहिजे. नुसते निम्मे झाले यावर समाधान मानायचे नसते, म्हणून दोन आठवड्यांत पुन्हा तपासायचे असते.

कारणाविषयी लिहिणे मला जड जाते. नातीच्या एमआरआयमध्ये मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग दुखावलेला दिसला. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली साखर फार उतरल्याने असे होते आणि आपल्या देशात या आजारामागे जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे आणि ही उतरलेली साखर ही मोठी कारणे आहेत. तिसऱ्या दिवशी ती दूध ओढत नव्हती, रडतही नव्हती, नुसती झोपून होती. दूध अजून उतरले नव्हते. मी खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, किती गुणी बाळ आहे पाहा, आवाज म्हणून नाही. टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन तेव्हा साखर पाहिली असती तर कळले असते. कमी वजनाच्या आणि दूध न ओढणाऱ्या प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी प्रसूतिगृहात झालीच पाहिजे.

शासनाकडे माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. आशाताई बाळाच्या घरी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत भेट देतात. हा आजार सुरू होण्याचा काळ नेमका याच भेटींत येतो. त्यांच्या नोंदवहीत एकच प्रश्न वाढवावा: झोपेतून उठल्यावर बाळ ओळीने झटके देते का, आणि पूर्वी करत असलेले काही करेनासे झाले आहे का? उत्तर ‘हो’ आले तर मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना पाठवण्याची सोय असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला बाळांचा झोपेतला ईईजी दोन दिवसांच्या आत करून देता आला पाहिजे. आज आमच्यासारख्यांना त्यासाठी रात्रभर जागवलेले बाळ घेऊन एसटीने पुणे गाठावे लागते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांच्या यादीत अपस्माराला स्वतंत्र स्थान नाही. मुलाला बौद्धिक किंवा अन्य अपंगत्व आल्यावरच प्रमाणपत्र मिळते, आणि तोवर प्रवासाचा, औषधांचा, बुडालेल्या रोजगाराचा भार घरानेच सोसायचा असतो. याचाही विचार व्हावा.

नात आता चार वर्षांची आहे. आधाराने बसते, माझी चाहूल लागली की मान वळवते, उजेडाकडे पाहते. चेहरे तिला अजून नीट दिसत नाहीत. ते झटके थांबले. दुसऱ्या तऱ्हेच्या आकड्या अधूनमधून येतात, त्यासाठी दोन औषधे चालू आहेत आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी असते. जावयांनी ते ४० सेकंदांचे चित्रण जपून ठेवले आहे. आमच्या भागातल्या आशाताईंनी ते गेल्या महिन्याच्या बैठकीत सर्वांना दाखवले, तेव्हा त्यांच्यापैकी एकीने सांगितले की असे करणारे एक बाळ तिच्या वाडीवर आहे, पाच महिन्यांचे. दुसऱ्या दिवशी त्याला पुण्याला पाठवले.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा