पाकळ्या पाच, महिना ऑगस्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आग्नेय अॅरिझोनातल्या गवताळ माळाचा फोटो पाहिला. खाली ओळ होती, ‘कॅलिफोर्निया पॉपीने फुललेले वाळवंट, ऑगस्ट’. फोटो सुरेख, पण फूल दुसरंच! मी टूसॉनला लेकीकडे राहते. पावसाळ्यात विलकॉक्सच्या बाजूला गेलं की रस्त्याकडेला हीच केशरी फुलं असतात, म्हणून लिहिण्याचं धाडस करते.

इथे पाऊस दोनदा येतो. एक हिवाळ्यातला, संथ. दुसरा उन्हाळ्यातला, ढगांच्या गडगडाटासह. त्याला इथली माणसंही ‘मान्सून’च म्हणतात आणि हवामान खातं तो १५ जून ते ३० सप्टेंबर असा मोजतं. कॅलिफोर्निया पॉपी हिवाळी पावसावर वाढते आणि इथे वसंतात फुलून जाते. ऑगस्टमध्ये माळच्या माळ केशरी दिसला, तर तिथेच शंका यायला हवी.

फोटोतलं फूल आहे अॅरिझोना पॉपी, शास्त्रीय नाव काल्स्ट्रोमिया ग्रँडिफ्लोरा. इथलंच, एका पावसाळ्यापुरतं जगणारं झाड. पॉपी म्हणजे खसखस, पण नाव तसं असलं तरी खसखशीच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. ते आपल्या सराट्याच्या, म्हणजे काटे गोखरूच्या, कुळातलं. मी माणदेशातली, सराटा मला शिकवावा लागत नाही! पानं बघा: चिंचेसारखी, जोडीजोडीने पानुल्या असलेली, आणि फांदीवर समोरासमोर. फांद्या केसाळ, जमिनीलगत पसरलेल्या. पाकळ्या पाच, बुडाशी लालसर, मध्ये दहा पुंकेसर. खऱ्या कॅलिफोर्निया पॉपीला पाकळ्या चार, पुंकेसर पुष्कळ, पानं निळसर हिरवी आणि बारीक चिरलेली. कळी उमलताना तिची टोपीच गळून पडते. तुमच्या फोटोत उजवीकडच्या फुलाच्या पाच पाकळ्या चष्म्याशिवायही मोजता येतात.

फूल नसेल तेव्हा मात्र सराट्याशी गल्लत होऊ शकते, कारण तोही इथे पोचला आहे, बाहेरून. जावई सायकलवाला; त्याच्या ट्यूबा सराट्यानेच फुटतात. अशा वेळी फळ पाहावं. सराट्याचं फळ पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येकाला टणक काटे. अॅरिझोना पॉपीच्या फळाला वर लांब चोच असते, तुकडे साधारण दहा होतात, आणि ते पायात रुतत नाहीत. (सराटा तुडवत शाळेत गेलेल्यांना हा फरक पटकन कळेल.)

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि रानफुलांचे फोटो मागवताना वाचकांना पानाचा एक वेगळा फोटोही पाठवायला सांगा. फोटो काढणारे सगळे फुलावरच झुकतात, पान बिचारं चौकटीबाहेर राहतं, आणि मग नुसत्या रंगावरून नाव ठरवावं लागतं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
टूसॉन, अॅरिझोना (मूळ गाव दहिवडी, जि. सातारा)