छत्रीच्या पुढे चला: आर्नोस व्हेलसाठी आवाहन

ब्रिस्टल आणि आसपासच्या मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २७ सप्टेंबरच्या सुमारास आपल्यातले बरेच जण राजा राममोहन रॉय यांच्या समाधीला हार घालायला आर्नोस व्हेल दफनभूमीत जातात. १८३३ साली ते ब्रिस्टलमध्येच वारले. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकाराने त्यांना या दफनभूमीत आणलं आणि वर दगडी छत्री उभी राहिली. मुंबईच्या प्रार्थना समाजाची मुळं शोधत गेलं तर वाट याच माणसापाशी येते, त्यामुळे आपण जातो ते योग्यच. पण हार, फोटो आणि चहा झाला की परत फिरतो.

छत्रीच्या आजूबाजूची ही ४५ एकर जागा चार्ल्स अंडरवुड या वास्तुकाराच्या हातची. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच १८३७ साली दफनभूमी उभारणाऱ्या कंपनीला कायद्याने मंजुरी मिळाली. बाथ रोडच्या फाटकाशी ग्रीक धाटणीच्या दोन चौक्या आहेत. आत चॅपेलं, म्हणजे छोटी प्रार्थनागृहंही दोन: अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चवाल्यांचं, घंटेच्या मनोऱ्याचं, इटालियन वळणाचं, इतर पंथीयांचं आयोनिक खांबांचं, थेट ग्रीक देवळासारखं. मेल्यावरही पंगत वेगळी!

१९८७ साली तेव्हाच्या मालकाने इथे घरं बांधायचा घाट घातला. गावकऱ्यांनी तो हाणून पाडला, आणि २००३ मध्ये नगरपालिकेने जागा सक्तीने ताब्यात घेतली. पुढे लॉटरी निधीतून इमारती सावरल्या. आता देखभाल धर्मादाय विश्वस्तांकडे आहे. पण आयव्हीची वेल आणि ब्रॅम्बलची काटेरी झुडपं निधीची वाट बघत थांबत नाहीत.

म्हणून मंडळाची विनंती: यंदा पुण्यतिथीनंतरच्या शनिवारी सकाळी दहा ते एक श्रमदानाला या. पक्ष्यांची विणीची वेळ तेव्हा संपलेली असते. जाड हातमोजे, कात्री, जुने बूट आणा. आयव्ही ओढून उपटायची नाही, दगडाचा पापुद्रा सोबत निघतो. बुंध्याशी कापून वाळू द्यायची. तारेचा ब्रश आणि ब्लीच तर घरीच ठेवा. मुलांना आणा, कबरींवर चढू मात्र देऊ नका.

ज्यांना येणं जमत नाही त्यांनी घरटी वीस पौंड द्यावेत, कमी-जास्त चालेल. सगळी रक्कम विश्वस्तांकडे जाईल आणि पावती सर्वांना दाखवली जाईल. रोख घेणार नाही. खात्याचा तपशील मंडळाच्या ग्रुपवर आहे; येणाऱ्यांनी तिथेच नाव नोंदवा, म्हणजे पोहे किती करायचे ते कळेल.