काका, त्या पाकिटांवरच्या आकड्यांसाठी

प्रिय काका,

सादर नमस्कार.

तुम्हाला असली पत्रं आवडत नाहीत हे ठाऊक आहे. प्रयोगशाळेत समोर येऊन बोलले असते तर "जा, नमुना पॉलिश कर" म्हणून पिटाळलं असतंत. म्हणून लिहूनच टाकते, आणि चारचौघांत लिहिते, कारण मला हलगर्जी ठरवलं गेलं तेही चारचौघांतच.

क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल. अणूंच्या हिशेबानं पाचही सारखे. 2004 साली कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मिश्रधातू मांडला, तेव्हापासून या विषयात येणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात त्याच्यापासूनच होते. साधं पोलाद द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठिसूळ होतं. हा मात्र तिथे जास्त मजबूत होतो, आणि तुटण्याआधी जास्त ताणलाही जातो. कुणालाही भुरळ पडेल असाच. मलाही पडली. पण माझ्या बटणांत, म्हणजे भट्टीत वितळवून केलेल्या धातूच्या लहान गोळ्यांत, मँगनीज दर वेळी कमी भरायचं, आणि विश्लेषणाचा कागद आला की बैठकीत ठरलेलं वाक्य यायचं: "वजनं नीट घेतली नसतील." म्हणणाऱ्यांपैकी कुणी काट्याजवळ फिरकलेलं मला तरी आठवत नाही. एका वरिष्ठांनी तर हसत हसत सुचवलं, की तू लेखनाचं काम बघ, भट्टी तुझ्या हातची नाही. खोलीत सगळे हसले. मीही हसले, ते अजून सलतं.

त्या संध्याकाळी तुम्ही काही विचारलं नाहीत. खालचा ड्रॉवर ओढलात आणि खाकी पाकिटांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. माझं प्रत्येक बटण त्यांत होतं, मी भंगारात टाकायला दिलेलीसुद्धा. प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीनं दोन वजनं: वितळवण्याआधीचं आणि नंतरचं. त्याखाली, किती वेळा उलटवून पुन्हा वितळवलं ते. तुमचा तो चार, वरून उघडा, इंग्रजी नऊसारखा दिसणारा. हे लिहा असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नंतरचं वजन घ्यायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"वजनं बरोबर आहेत," एवढंच म्हणालात, आणि भट्टीचं चेंबर आतून पुसलेलं फडकं दाखवलंत. काळंकुट्ट.

नुसती वजाबाकी करायची होती. घटलेलं वजन आणि विश्लेषणात कमी पडलेलं मँगनीज जवळजवळ तंतोतंत जुळलं. पुढचं तर पुस्तकातलंच आहे: क्रोमियम वितळायलाच 1907 अंश सेल्सिअस लागतात, आणि मँगनीज 2060च्या आसपास उकळतं. भट्टीत धातू वितळवणाऱ्या विजेच्या ज्योतीची, आर्कची, झळ त्याच्या कितीतरी वर. मिश्रण एकजीव व्हावं म्हणून बटण उलटून पुन्हा वितळवायचं, आणि दर खेपेला आणखी थोडं मँगनीज वाफ होऊन भिंतीवर जाऊन बसायचं. हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत असणार. पदव्या त्याच विषयातल्या आहेत. पण माहीत असणं वेगळं आणि समोरच्या पोरीला दोष देण्याआधी ते आठवणं वेगळं.

पुढे काय बदललं ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात शिरत नाही. मला राहून राहून वाटतं ते त्या पेन्सिलीबद्दल. भंगारात जाणाऱ्या धातूच्या तुकड्याला कुणीतरी पाकीट देतं, त्यावर खरा आकडा लिहितं, आणि कधी लागेल याचा विचारही न करता ठेवून देतं. शोधनिबंधांत आमच्या नावांच्या रांगा लागतात, पण त्यातला आकडा खरा ठेवणारी माणसं बऱ्याचदा त्या रांगेत नसतात. तुम्ही मला धीर दिला नाहीत, पाठ थोपटली नाहीत, बरंच झालं. मला तेव्हा सहानुभूती नको होती, दुसरं वजन हवं होतं.

आता निबंध पाठवायची वेळ आली आहे. आभाराच्या परिच्छेदात "तांत्रिक कर्मचारी" एवढंच लिहावं असा आग्रह वरून झाला. मी तो मानलेला नाही. तुमचं नाव लेखकांत असावं असं माझं म्हणणं आहे आणि तुम्ही "मला काय करायचंय त्याचं" म्हणून उडवून लावता. वजनांचा तक्ता तुमच्या पाकिटांवरूनच उतरवलाय, काका, तेव्हा हा वाद मी इतक्यात सोडणार नाही. सोमवारी सहीचा कागद घेऊन खाली येते आहे.

तुमची,
भट्टीवाली