सोपाऱ्याची करंडकं आणि फामनची यादी

शीआन

ति. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विचारलंत, "देवळात एवढं काय होतं की अख्खा रविवार तिथेच गेला?" आणि तेवढ्यात आवाज तुटायला लागला. तसंही ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, हे पत्र जास्त करून तुमच्यासाठी आहे, का ते पुढे कळेलच.

फामन हे बौद्ध मंदिर इथे चीनमध्ये, शीआनपासून पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. बसमधून उतरलं की आधी नवं बांधकाम अंगावर येतं. जोडलेल्या हातांच्या आकाराची १४८ मीटर उंचीची इमारत, २००९ मध्ये उघडलेली. तैपेईचा तो १०१ मजली मनोरा ज्यांनी उभारला, त्याच वास्तुविशारदांची. तिथपर्यंत जाणारा रस्ता भलामोठा, दुतर्फा सोनेरी मूर्ती, आणि चालवत नसेल तर बॅटरीची गाडी. मला काही ते भावलं नाही. आईला आवडेल, फोटो मस्त येतात.

खरी गंमत जुन्या भागात आहे. अशोकाने ८४,००० स्तूप बांधून बुद्धाच्या अस्थी वाटल्या आणि त्यातलं बोटाचं एक हाड इथे आलं, अशी इथली परंपरा. पूर्वी या देवळाला अशोकाचंच नाव होतं. इतिहास म्हणून हे कितपत टिकेल ते तुम्ही जाणताच, पण थांग घराण्याच्या सम्राटांनी ते मनापासून मानलं. दर तीस वर्षांनी स्तूपाखालचं तळघर उघडायचं, अस्थी वाजतगाजत राजधानीत न्यायची, पूजा करायची आणि परत आणायची. असं केलं की पीकपाणी चांगलं होतं, असा समज. ८१९ मध्ये हान यू नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला लिहून कळवलं की हे हाडाचं थोतांड बंद करा. जीव वाचला, पण थेट दक्षिणेच्या टोकाला बदली झाली! ८४५ मध्ये दुसऱ्या सम्राटाने बौद्ध मठांवर नांगर फिरवला, तेव्हाही अस्थी लपवली गेली. शेवटची मिरवणूक ८७३ ची. ८७४ मध्ये अस्थी परत आली, सोबत राजघराण्याच्या भेटी आल्या, आणि तळघराची दारं बंद झाली ती झालीच.

वरचा लाकडी स्तूप १५६९ मध्ये कोसळला. त्याजागी विटांचा तेरा मजली बांधला, तो १६०९ मध्ये पुरा झाला. १९६६ च्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत तो फोडायला लोक आले तेव्हा लियांगछिंग नावाच्या मठाधिपतींनी स्वतःला पेटवून घेतलं. त्या जागी मी बराच वेळ थांबले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. १९८१ च्या पावसाळ्यात तोच मनोरा उभा चिरला आणि अर्धा खाली आला. उरलेला उतरवून नवीन बांधायचा म्हणून पाया साफ करताना, एप्रिल १९८७ मध्ये, तळघर सापडलं. १,११३ वर्षांत आत कोणाचा हात लागला नव्हता.

आणि आता तुमचा विषय. तळघराच्या वाटेतच दोन शिलालेख होते. त्यातला एक म्हणजे, बाबा, चक्क डेडस्टॉक रजिस्टर! काय वस्तू, किती नग, कोणी दिली, कित्येकांपुढे वजनसुद्धा. म्हणजे उत्खनन करणाऱ्यांनी वस्तू बाहेर काढायची आणि दगडावरच्या नोंदीशी ताडून बघायची. तुम्ही शाळेत दर मार्चअखेर करायचात तेच.

एक नोंद अशी: मीसं भांडी, वाडगे सात, पैकी दोन चांदीच्या कडेचे, ताटं-बशा मिळून सहा. आता हे मीसं म्हणजे दरबारासाठी भाजली जाणारी चिनी मातीची भांडी. जुन्या कवितांत त्यांचं कौतुक होतं, पण ती नेमकी कशी दिसत, यावर जाणकारांत वाद होता. इथे यादीत तेरा आणि समोर तेरा. वाद मिटला. मग यादीत नसलेली एक आठपैलू सुरईही त्याच जातीची निघाली, ती चौदावी. त्यातली एक ताटली मी काचेला नाक लावून बघितली. फिकट हिरवट झिलई, नक्षी काही नाही, आणि तळाशी बोटभर पाणी साचलंय असं वाटतं. एका बाजूने बघा, दुसऱ्या बाजूने बघा, पाणी आहेच. ताटली कोरडी ठणठणीत.

चहाचं सामानही तसंच नोंदलेलं: एक संच, सात नग, ८० ल्यांग. हे त्यांचं वजनाचं जुनं माप. तेव्हा चहाची वडी भाजून कुटायची, चाळायची आणि मीठ घालून उकळायची पद्धत होती, म्हणून संचात चांदीचा चहा कुटायचा खल आहे, चाळणी आहे, आणि मिठाची ताटली यादीत वेगळी नोंदलीय. आई, मीठ! भांड्यांवर 'पाचवा भाऊ' असं कोरलंय. ते बालसम्राट शीझोंगचं घरातलं नाव. गादीवर आला तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता.

चांदीचा एक जाळीदार गोळा आहे, धूप जाळायचा. आत एकात एक कड्या आणि मधे छोटी वाटी. गोळा कसाही गडगडवा, वाटी सरळच राहते, निखारा सांडत नाही. सम्राज्ञी वू झतियनचा भरतकाम केलेला घागराही यादीत आहे. पण रेशमाचे बरेच गठ्ठे काळे पडून एकमेकांना चिकटलेत, ते सोडवणं हेच एक शास्त्र होऊन बसलंय.

अस्थी चार सापडल्या. त्यातल्या तीन जेडच्या नकला, चोरांना आणि चिडलेल्या सम्राटांना चकवायला. खरी मानतात ती तळघराच्या शेवटच्या खोलीत जमिनीखाली दडवलेली होती: लोखंडी पेटी, तिच्यात चांदीची, मग चंदनाची, मग स्फटिकाची, मग जेडची.

हे वाचताना मला सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट, म्हणजे तिथला स्तूप, आठवला. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये आपला तो स्तूप खणला तेव्हा दगडी पेटीत काय होतं? तांब्याचं करंडक, त्यात चांदीचं, दगडाचं, स्फटिकाचं आणि शेवटी सोन्याचं, आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तेरा तुकडे. इथेही पाच, तिथेही पाच, दोन्हीकडे स्फटिक. भोवतीच्या आठ कांस्यमूर्ती तर आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे आपला स्तूपही मधे कोणीतरी उघडून, पूजा करून पुन्हा बंद केला असणार. फक्त तिथे कोणी नोंद ठेवली नाही. कोणी उघडला, मूर्ती कोणी दिल्या, सगळा अंदाजच. फामनला सोन्याचांदीपेक्षा मला त्या दगडी यादीचा हेवा वाटला, तो यासाठी.

बाबा, ती करंडकं एशियाटिक सोसायटीकडे आहेत, टाउन हॉलमध्ये. लोकांना बघायला देतात का, अर्ज करावा लागतो का, जरा चौकशी करून ठेवाल? दिवाळीत येईन तेव्हा एक दिवस तुम्ही आणि मी सकाळच्या चर्चगेट लोकलने जाऊ. आई, तू येणार असशील तर गर्दी उतरल्यावर निघू.

यादीच्या शिलालेखाचा फोटो पाठवतेय. अक्षरं मलाही फार लागत नाहीत, पण रकाने बघा, किती नीट आखलेत.

तुमची,
मंजू