दोघांपुरतंच असलं तरी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या दोघांच्या जेवणाचा विषय काढला की आई "हो गं, बघू" म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहायलाच बसले. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

गेल्या वेळी आले तेव्हा बाबांच्या पट्ट्याला घरीच पाडलेलं नवं भोक दिसलं. बाबा, तुम्ही हसून म्हणालात, "बरंच झालं, पोट उतरलं." पोट नाही उतरलेलं. दंड आणि मांड्या उतरल्यात. या वयात वजन आपोआप घटतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि मग खुर्चीतून उठणं, जिना चढणं, पाय अडखळला तर सावरणं, सगळंच जड जातं. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या, त्यात काही निघालं नाही. "खाणं वाढवा," एवढंच म्हणाले. खाणं का कमी झालंय ते त्यांना कुठून कळणार? ते मला तुमच्याकडे राहिल्यावर कळलं.

आई, तुझा गुडघा बरा असला की तू दोन तास ओट्यापाशी उभी राहतेस आणि चार पदार्थ करतेस. संध्याकाळी गुडघा सुजतो. दुसऱ्या दिवशी उभं राहवत नाही, मग "दोघांपुरतं काय मांडायचं" म्हणून चहा आणि बिस्किटं. बाबा पेपरात डोकं घालून बिस्किटं बुडवत बसतात, कुरकुर काही करत नाहीत. तिसऱ्या दिवशी तुलाच चुटपुट लागते आणि पुन्हा चार पदार्थ. म्हणजे एक दिवस पंचपक्वान्नं आणि दुसऱ्या दिवशी फराळसुद्धा नाही. माझा आक्षेप आहे तो या झोक्यांना. तुझ्या लेखी जेवण एक तर पूर्ण असतं, नाहीतर नसतंच. मधलं जेवण तुझ्या घरात नाही, आणि दुखणाऱ्या माणसाला नेमकं तेच लागतं.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी नोकरी गेली होती ते महिने आठवून सांगते. तेव्हा वेळ भरपूर होता, पण सुरी हातात घेऊन कांदा चिरायचासुद्धा कंटाळा यायचा. पोरांना भूक लागायचीच. त्या दिवसांत मला एक गोष्ट लख्ख कळली. काय खायचं ते भूक लागल्यावर ठरवायचं नाही. त्या वेळी डोकं चालत नाही, हातही चालत नाहीत, आणि जे समोर दिसेल ते तोंडात जातं. ज्या सकाळी बरं वाटतंय त्या सकाळी पुढच्या वाईट संध्याकाळची सोय करून ठेवायची. पुढे नोकरी लागली, धावपळ सुरू झाली, धाकट्याचं आजारपण झालं, तरी ती सवय मी सोडली नाही. अजूनही आमच्याकडे आठवड्यातली निम्मी जेवणं अशीच होतात आणि त्यांना कोणी नाक मुरडत नाही.

तर आई, आता नीट ऐक. डाळ शिजवतेस तेव्हा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लाव. कुकरला तेवढाच वेळ लागतो, गॅस किंचित जास्त. शिजली की मीठ न घालता, फोडणी न देता नुसती घोटून घे, आणि छोट्या डब्यांत एकेका वेळेपुरती भर. मोठ्या डब्यात भरलीस तर मधला भाग तासन्तास कोमट राहतो, आणि वापरताना सगळी वितळवावी लागते. दोन डबे खाली फ्रिजमध्ये, ते तीन दिवसांत संपवायचे. बाकीचे वर फ्रीझरमध्ये, ते महिनाभर बिनघोर राहतात.

आता वाईट दिवस उजाडला समज. डबा काढायचा, गरम पाणी घालून उकळी आणायची. लसूण तेलावर तांबूस केला आणि वरून ओतला, मिरपूड टाकली, की वाटीतून पिता येतं. भूक जरा जास्त असेल तर त्यातच धुतलेले तांदूळ आणि हाताला येतील त्या भाज्या टाकून एकत्र मऊ शिजव. पालेभाजी असेल तर ती शेवटच्या पाच मिनिटांत. उभं राहायचं काम एकूण दहा मिनिटांचं, बाकी वेळ खुर्चीत. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवायला मी मागेच सांगितलं होतं, त्यावर तू कुंडी ठेवलीस. कुंडी खाली काढ.

डाळ-तांदूळ हे काही गरिबाचं किंवा आजाऱ्याचं जेवण नव्हे, हेही एकदा मनातून काढून टाक. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर; डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. दोन्ही मिळून प्रथिनं पुरी होतात. जगात कितीतरी ठिकाणी शेती करणारा माणूस कुठलं तरी धान्य आणि कुठलं तरी कडधान्य जोडीनं खात आला, ते उगाच नाही. संयुक्त राष्ट्रांनी तर २०१६ हे कडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं होतं.

बाबा हिशेबाचे, म्हणून थोडे आकडे. वृद्धांच्या आहारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटानं २०१३ मध्ये असं सुचवलं की पासष्टीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. तरुणांसाठी ०.८ धरतात. म्हणजे वय वाढलं की गरज कमी होते हा आपला समज उलटा आहे. बाबा साठ किलोचे धरले तर रोज ६० ते ७२ ग्रॅम झाले. एका अंड्यात साधारण ६, पेलाभर दुधात ८ च्या आसपास, मूठभर म्हणजे पन्नासेक ग्रॅम कच्च्या डाळीत १२ च्या जवळपास. आता यात तुमच्या बिस्किटांचा हिशेब तुम्हीच मांडा. (बाबांची मूत्रपिंडं चांगली आहेत, डॉक्टरांनी पाहिलंय, म्हणून हे लिहिते. शेजारच्या काकांना हा सल्ला द्यायला जाऊ नका, त्यांचं पथ्य वेगळं आहे.)

आता तुमच्याकडे वळते, बाबा. आईचा गुडघा दुखतो त्या दिवशी घरात स्वयंपाक होत नाही, याचं कारण गुडघा नाही. घरात दुसरा स्वयंपाकी नाही, हे कारण आहे. तुम्ही आयुष्यभर बाहेरचं सगळं पाहिलंत, ते मान्य. पण आता बाहेरचं उरलंय कितीसं? मी तुम्हाला पुरणावरणाचा स्वयंपाक करायला सांगत नाही. तीन गोष्टी शिका. अंडी उकडणं, भात लावणं, बटाटे उकडून परतणं.

अंड्यांचं सोपं आहे. पाण्याला उकळी आली की चमच्यानं अलगद सोडायची, घड्याळ लावून दहा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. सालासकट फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. भूक लागली की एक सोलून मीठ-मिरी लावून खाल्लं, की बिस्किटाची आठवण येत नाही. बटाटा हिरवा दिसला किंवा त्याला मोठाले कोंब आले असतील तर वाचवायला जाऊ नका, टाका. आणि डब्यांवर तारीख घालायचं काम तुमचं. कागदी पट्टी चिकटवा आणि मार्करनं काय आणि कधीचं ते लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे, आईचं तिलाही वाचता येत नाही.

भाताबद्दल मात्र मी हट्टी आहे. दुपारचा भात पातेल्यात झाकून रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवायचा नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्तास बाहेर राहिला की त्यांचे जिवाणू होऊन वाढतात, आणि ते जे विष सोडतात ते नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून "चांगलाय की" म्हणून आपण खातो. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका आणि फ्रिज ५ अंशांच्या आत असू द्या, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आम्ही भात उरला की ताटात पसरतो, वाफ गेली की लगेच डब्यात घालून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून चांगला वाफ येईपर्यंत गरम करायचा, तोही एकदाच.

मिठाचं बोलणं आईला आवडणार नाही. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही, आणि त्यात लोणचं, पापड, बिस्किटं, पाव सगळं आलं. वयानुसार वास आणि चव मंदावतात, म्हणून तुझा हात सैल झालाय, हे मला जेवताना जाणवलं. मीठ वाढवण्याऐवजी लिंबू पिळ, लसूण खरपूस कर, मिरी ताजी कुट. आणि ते "कमी सोडियमचं" मीठ कुणाच्या सांगण्यावरून आणलंस ना, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते शरीरात साठू शकतं. गोळ्यांचं पाकीट आणि मिठाचं पाकीट, दोन्ही घेऊनच जा.

लिंबाचा आणखी एक फायदा: पालेभाजी आणि डाळीतलं लोह त्यानं अंगी लागतं. चहानं उलटं होतं. म्हणून जेवणाला लागून चहा नको, तासभर जाऊ दे. तहान लागायची वाटही बघू नका, या वयात ती उशिरा लागते. फ्रीझरमधले मटार खुशाल आणा, तोडल्यावर लवकर गोठवलेले असतात, चार दिवस टोपलीत सुकलेल्या भाजीपेक्षा बरे.

मोबाइलवरचे ते "पाच मिनिटांत रात्रीचं जेवण" वाले प्रकार आई हल्ली पाहते, असं बाबा म्हणाले. बघायला हरकत नाही. पण त्यात सगळं आधीच चिरून, वाटून, वाट्यांत मांडून ठेवलेलं असतं, आणि मागची भांडी कोण घासतं ते कधी दाखवत नाहीत. सोपा पदार्थ कोणता, हे मी सिंकमध्ये किती भांडी पडली त्यावरून ठरवते.

अजून एक. तुम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी जेवता हे मला ठाऊक नव्हतं. आई बाबांना वाढते आणि स्वतः नंतर कधीतरी उभ्यानंच घास घेते. माणूस सोबत जेवतो तेव्हा जास्त जेवतो, हे अभ्यासांमध्येही दिसून आलंय. तेव्हा पातेलं टेबलावरच ठेवा, दोघं एकदम बसा, ज्याला हवं ते त्यानं वाढून घ्या. बाबा, पहिलं वाढाल ते आईच्या ताटात.

चार पदार्थ करूच नकोस असं मी म्हणत नाही. तुझा हात लागला की जी चव येते ती माझ्या डब्यांना येणार नाही, हे मलाही कळतं. मन लागेल त्या दिवशी कर, बसून कर, बाबांना चिरायला बसव. फक्त तो दिवस हे माप धरून बाकीचे दिवस उपाशी काढू नकोस. साधं शिजवलं म्हणून तुझ्या सुगरणपणाला काही धक्का लागत नाही, आणि लागला असं कोणी म्हणालं तर माझा नंबर दे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांचं वजन करा आणि मला कळवा, सकाळचं, एकाच काट्यावरचं. दोन महिन्यांत वाढलं नाही किंवा आणखी घटलं तर आपण पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ, तेव्हा "बघू" चालणार नाही. पोरं मजेत आहेत. मोठी आता अंडी स्वतः उकडते आणि आजोबांना शिकवायला तयार आहे, तिच्या शाळेला सुट्टी लागली की पाठवते.

मार्कर वापरून झाला की टोपण लावत जा, बाबा. वाळतो.

तुमची,
लेक